चौथा वाटा

सुचितानं शास्त्यांच्या पुस्तकाचं शेवटचं पान वाचून संपवलं आणि मुद्दाम चष्मा काढून पदरानं पुसत बसली. घाई ज्याला असेल त्याला असो, तिला नव्हती. हे वाचन जितकं लांबेल तितके दिवस तिची लेक साक्षी या घरची होती.

सासऱ्यांनी तशी मुदतच घातली होती. साक्षी माणगावला बँकेत नोकरीला. तिथल्याच एका शिक्षकाशी, रत्नपालशी, लग्न करणार असं तिनं सणाच्या दिवशी भर पंगतीत सांगून टाकलं. पोरगा चांगला, पण बौद्ध घरातला. शिवदासमामंजींनी ना ताट सरकवलं ना आवाज चढवला. भात कालवत म्हणाले, "पुस्तक वाचून होईस्तवर इचार कर. मग करायचं ते कर. पण लगीन केलंस तर या उंबऱ्याशी तुझा संबंध न्हाय. माझी भैन अशीच गेली तवा बानं तिला वाटा दिला न्हाय. मी तुला देणार न्हाय. या घरची रीत हाय ती." आणि पुढे जेवले.

आता पुस्तक म्हणजे पवित्र शास्त्र, बायबल. ते काय, सगळ्याच ख्रिस्ती घरांत असतं. पण कोयत्यानं कापून भावाभावांत वाटून घेतलेलं शास्त्र रेवदंड्याच्या खाडीपासून थेट घाटापर्यंत याच एका घरात असावं. सुचिताचे आजेसासरे येसाजी, त्यांच्या तीन मुलांच्या चुली वेगळ्या झाल्या तेव्हाची गोष्ट. शेत वाटलं, माड वाटले, तांब्याचे हंडे वाटले, आणि राहता राहिलं एक पुस्तक. तिन्ही पोरं हटून बसली की पुस्तक माझ्याकडे. येसाजीनं एक शब्द न बोलता ते पाटावर ठेवलं आणि बांधणीच्या दोऱ्यावर कोयता चालवला. थोरल्या शिवदासाला उत्पत्तीपासून शास्त्यांपर्यंत. मधल्या कृष्णाजीला शमुवेलापासून मलाखीपर्यंत. धाकट्या कान्हाला नवा करार. ज्यानं त्यानं आपला वाटा आपल्या घरी संध्याकाळच्या प्रार्थनेला वाचावा. संपला की पुन्हा पहिल्यापासून.

नाव शिवदास आणि वाट्याला मोशेचे नियम, अशी चर्चमध्ये थट्टा व्हायची. येसाजीच्या बापानं बाप्तिस्मा घेतला तरी घरातली नावं काही कुणी बदलली नव्हती. पण थट्टेची गोष्ट अशी की ज्याच्या वाट्याला जे आलं तसा तो होत गेला. मामंजींच्या घरात उठता बसता नियम. कृष्णाजीकाकांच्या घरी राजे, लढाया आणि शापवाणी, त्यामुळे अलिबागच्या कोर्टात त्यांची एक तरी तारीख कायम लागलेली. आणि कान्हाकाकांच्या मागे त्यांची केसरकाकी नव्या करारातली क्षमा रोज वाचायची, रोज कुणाला तरी क्षमा करायची, आणि कुणाकुणाला केली ते गावभर सांगत फिरायची.

बाजारात आख्खं पुस्तक मिळत नव्हतं असं नाही. सुचितानं माहेरून आणलेलं तिच्या ट्रंकेत होतं, सगळ्यांच्या मोबाईलमध्ये होतं. पण प्रार्थनेला वाचायचा तो वाटाच. बापानं दिलेलं सोडून बाजारातलं वाचायचं म्हणजे बापाचा अपमान. अशानं झालं काय, की चर्चमध्ये रविवारी कानावर पडेल तेवढं सोडलं तर या घरात आख्खं शास्त्र पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणी म्हणजे कुणी वाचलं नव्हतं.

यंदा नवे पाळक आले. त्यांनी प्रवचनात सांगितलं की ही सुट्या गोष्टींची गाठोडी नाहीत, ही एकच गोष्ट आहे, प्रत्येक घरानं ती सलग वाचून बघावी. मामंजींची नजर आता गेल्यातच जमा होती. त्यांच्या मनानं घेतलं की डोळे मिटण्याआधी एकदा सगळं कानावरून जाऊ दे. मग ठरलं. तिन्ही वाटे थोरल्याच्या पडवीत आणायचे, दुपारचं जेवण झालं की सगळ्यांनी बसायचं, आणि वाचणार सुचिता, कारण तिचा आवाज स्वच्छ.

सुचितानं मग असं वाचलं की विचारू नका. निवासमंडपाच्या, म्हणजे देवाच्या तंबूच्या, पडद्यांची मापं तिनं दोनदा वाचली. वंशावळी तर एकेका नावावर थांबून, जणू प्रत्येकाला पाणी विचारत. नवरा सुजित डोळे वटारायचा, ती बघायचीच नाही. पण वाचता वाचता तिला काही वेगळंच दिसायला लागलं होतं. अगदी पहिल्या पानांवर बागेत लपलेल्या दोघांना देव संध्याकाळच्या वाऱ्यात हाक मारत फिरतो. मग ती दासी, पाण्याची पखाल देऊन पोरासकट रानात घालवलेली. मग भावांनीच विकलेला योसेफ. दर वेळी कुणीतरी घराबाहेर पडतं नाहीतर काढलं जातं, आणि दर वेळी पुस्तक त्याच्यामागून धावतं. आपल्या सासऱ्यांनी हे पन्नास वर्षं वाचलं आणि त्यांना त्यात फक्त नियम कसे दिसले, याचं तिला नवल वाटत होतं. बोलायची सोय नव्हती.

"आटपलं ना दादाचं?" कृष्णाजीकाकांनी आपलं गाठोडं पुढे ओढलं. तिन्ही गाठोडी एकाच हिरव्या लुगड्याच्या फडक्यांत बांधलेली, धुऊन धुऊन कुणाचं शेवाळी झालेलं, कुणाचं नुसतंच पांढुरकं. "आता आमचा वाटा. सगळ्यात जाड. खरं वाचन आता सुरू."

त्यांनी पहिलं पान सुचिताच्या हातात दिलं. सुजित शेजारीच बसला होता. पुढे सगळं एकत्र करून अलिबागला बांधणीला टाकायचं त्याच्या मनात होतं, म्हणून तो पानांचे आकडे लावून बघत होता. तो थबकला.

"बाबा, मधली पानं कुठायत?"

"कंची मधली?"

"तुमच्या शेवटच्या पानाचा आकडा आणि काकांच्या पहिल्या पानाचा आकडा जुळत नाही. मध्ये फट आहे. चार-पाच पानं नाहीत."

मग मामंजींनी मान वळवली, नेमकी मधल्या भावाच्या दिशेनं. दिसत नसलं तरी भाऊ कुठे बसतो ते त्यांना पाठ होतं. "किसना, तुझ्या बाजूनं गेली."

"माझ्या बाजूनं कशी जातील? माझं फडकं न्हेमी लाकडी पेटीत. तुझ्याच छपराला वाळवी."

"माझ्या घरी एक पान कुरतडलेलं न्हाय. बांध कोरायची सवय तुझी. शेताचा कोरला, आता पुस्तकाचा."

"बांधाचं काढू नको, दादा. तारीख लागलीय, तिथं बोलू."

झालं. दोघं ऐंशीच्या घरातले म्हातारे देवाच्या पानांवरून बांधाला लागले. सुजित कधी याला गप्प करी, कधी त्याला. साक्षी कोपऱ्यात बसून आईकडे बघत होती. सुचिताला खरं तर बरंच वाटत होतं. भांडण उद्यापर्यंत चाललं तर आणखी एक दिवस मिळणार होता.

"अवो, भांडता कशापायी?" केसरकाकी म्हणाली. तिचं गाठोडं तिच्या मांडीवर होतं, ते तिनं खाली ठेवलं नव्हतं. "रूथेचं पुस्तक न्हाय त्यात. शास्ते झाले की रूथ येती, मग शमुवेल. पाळकांनी परवाच ओळीनं नावं म्हणून दाखवली."

"रूथ किसनाकडं हाय," मामंजी म्हणाले.

"छे. रूथ दादाकडं," कृष्णाजीकाका म्हणाले.

सगळा जन्म दोघांनीही हेच धरून चाललं होतं. रूथेचं नाव चर्चमध्ये ऐकलेलं, ती कुणी परकी सून एवढं माहीत, पण ती दुसऱ्याच्या घरी आहे अशी प्रत्येकाची खात्री. ती कुणाच्याच घरी नव्हती.

"मोबाईलवर आहे की," सुजित म्हणाला. "पाच मिनिटांत वाचून होईल. पुढं जाऊ."

"मोबाईल कुनाच्या वाट्याचा?" मामंजींनी विचारलं, आणि तो विषय तिथंच संपला.

केसरकाकी अजून तिच्याच तंद्रीत होती. "माझ्या पयल्याच पानावर तिचं नाव हाय," ती म्हणाली. "येशूचे वाडवडील दिल्यात ना, तिथं. बापाला पोरगा झाला, त्या पोराला पोरगा झाला, सगळे बाप्ये. आन मधेच ही. दोनचार बायका हायत, त्यातली ही एक. मी रोज म्हनायची, बाय गो, तू कोन? इथं कशी आलीस? मागली गोष्ट तुमच्यापैकी कुनाच्या तरी वाट्यात असंल, म्हणून मी कधी इचारलं न्हाय." ती गाठोड्यावरून हात फिरवत राहिली. "आन फडकी चार होती."

"कसली फडकी?" सुजितनं विचारलं.

"वाटणीच्या दिशीची. मी नवी नवरी, येऊन म्हयना झाला नसंल. सासूबाईंनी मला हे लुगडं दिलं आन म्हनाल्या, फाड. मी तीन फडकी फाडली. त्या म्हनाल्या, चार कर. मला वाटलं एक वरकड असंल, चुलीपाशी हात पुसायला."

"मग तेच झालं आसंल," मामंजी म्हणाले. "गेलं चुलीत."

"कोरं लुगडं व्हतं, भावजी. घडी न मोडलेलं. आवडाबाई सासू कोरं लुगडं चुलीला लावनारी बाई व्हती का?" काकीचा आवाज खाली आला. "बायजावन्संच्या लग्नाला म्हणून घेऊन ठेवलेलं ते. त्या गेल्यावर तसंच पेटीत पडून व्हतं."

बायजाचं नाव या पडवीत मोठ्यानं घेतलं गेलं त्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. येसाजीची ही एकुलती एक लेक. एका बौद्ध मास्तराशी लग्न करून माणगावला गेली, ती गेलीच. सुचिता लग्न होऊन आली तेव्हा तिला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं की हे नाव मामंजींसमोर काढायचं नाही. साक्षी माणगावला नोकरीला लागल्यावर त्याच आत्याआजीकडे जेवायला जाते, रत्नपाल त्यांच्याच आळीतला, हे फक्त सुचिताला माहीत होतं आणि ते तिनं पोटात ठेवलं होतं. तीन वाटे, चार फडकी. रूथ कुठे आहे हे तिला कळलं होतं, आणि तिनं वर बघितलं तर साक्षीलाही कळलं होतं.

साक्षीनं मोबाईल काढला.

"कुनाला लावतीस?" मामंजींनी विचारलं. त्यांना आवाजावरून सगळं समजायचं. "या घरातून तिला फोन जायचा न्हाय."

साक्षीचा हात थांबला. पोरगी कितीही धीट असली तरी आजोबांचा तो सूर तिनं लहानपणापासून ऐकलेला. सुचितानं उठून तिच्या हातातून मोबाईल घेतला. आपण हे काय करतोय याचा विचार करायला तिनं स्वतःला वेळच दिला नाही. सव्वीस वर्षांत सासऱ्यांचा शब्द तिनं एकदाही मोडला नव्हता. तिनं आत्याआजींचा नंबर लावला.

"आत्याबाई, मी सुचिता बोलतेय. सुजितची बायको."

पलीकडून मग एक म्हातारा, कोरडा आवाज. "बोल गो."

"तुमच्याकडे रूथ आहे का?"



"कोन वाचतंय?" बायजाबाईंनी विचारलं.

"सगळे. पहिल्यापासून."

"शिवा पन?"

"हो. इथंच बसलेत."

"येते," एवढं बोलून बायजाबाईंनी फोन ठेवला.

सुचितानं मोबाईल साक्षीला परत दिला. मामंजी म्हणाले, "सूनबाई, घर कुनाचं हाय हे?"

"तुमचं, मामंजी. पण तुम्हीच म्हणालात ना, सगळं पुस्तक संपलं की मग. ते आता तिथं अडलंय. त्यांच्याशिवाय संपत नाही."

नियमाचा माणूस, स्वतः घातलेल्या अटीत स्वतःच सापडला. ते बाकावर तसेच बसून राहिले. चहा आला आणि निवून गेला. कृष्णाजीकाकाही भांडायचं विसरून गाठोड्याची गाठ बांधत होते, सोडत होते.

माणगावहून रोह्यावरून यायचं म्हणजे बराच वेळ. उन्हं कलली, गच्चीवर वाळत घातलेली कोकमं केसरकाकीनं गोळा करून आणली, तेव्हा फाटकापाशी एक गाडी थांबली. चालवत होता रत्नपाल. सुचिताला हे सुचलंच नव्हतं. त्यानं दार उघडून म्हातारीला हात दिला, फाटकापर्यंत आणलं आणि स्वतः तिथंच थांबला. पुढे एक पाऊल टाकलं नाही. साक्षी अर्धी उठली आणि परत बसली.

बायजाबाई पायऱ्यांपाशी आल्या. बुटक्या, केस पांढरेशुभ्र, निळ्या काठाची साधी साडी. त्यांच्या काखेत एक गाठोडं होतं, आणि त्याचा रंग बघून केसरकाकीनं तोंडावर हात घेतला. तिघांची फडकी विटून गेली होती. हे फडकं अजून हिरवंगार होतं.

कुणी या म्हणेना. त्या पहिल्याच पायरीवर टेकल्या. "बसते इथंच. वाचून जाते," त्या म्हणाल्या. केसरकाकी खाली उतरून त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि तिनं त्यांचा हात धरला. दोघी एकमेकींना ओळखीच्याही नव्हत्या धड. एक गेल्यावर दुसरी घरात आली होती.

"कुनी दिली तुला पानं?" मामंजींनी विचारलं.

"बानं."

"बा तुझं नाव घेत नव्हता."

"तुझ्यासमोर घेत नव्हता, शिवा." त्यांनी गाठ सोडायला घेतली. बोटं वाकडी झाली होती, वेळ लागत होता. "किसना, भात झोडून झालं की बा सालाला माणगावला जायचा. व्हय का न्हाय?"

"जायचा की," कृष्णाजीकाका म्हणाले. "बैलांच्या बाजाराला."

"किती बैल आनले त्यानं?"

काकांनी बोटं मोजायला घेतली. आठवून आठवून ते म्हणाले, "त्याला बैल पसंत पडायचा न्हाय. आमी हसायचो. एवढा लांब जातो आन हात हलवत येतो."

"हात हलवत यायचा, पन जाताना पिशवीभर नवा तांदूळ असायचा. माझ्या दारात ठेवायचा." बायजाबाईंनी फडकं उलगडलं. आत पानं होती, थोडीशीच, कडा पिवळ्या पण एक कोपरा दुमडलेला नाही. "पयल्यांदा आला तो हे घेऊन. वाटनी झाली त्याच आठवड्यात. मी म्हटलं, बा, मला कशाला? माझ्या सासरी हे कुनी वाचत न्हाय. तर म्हनाला, तू ठेव. मी मुद्दाम मधली पानं काढलीत."

"मुद्दाम?" सुजितनं विचारलं.

"मुद्दाम. म्हनाला, पोरं माझं ऐकत न्हाईत. मी सांगितलं तिला बोलवा, तर शिवा म्हनतो, ती उंबऱ्यात आली तर मी बायकापोरं घेऊन निघून जाईन. एक पोरगी गेली, आता पोरगा पन घालवू का? माझं ऐकनार न्हाईत, पन पुस्तकाचं ऐकतील. एक ना एक दिवस तिघं एकत्र बसतील, पयल्यापासून वाचायला घेतील, आन हितं येऊन अडतील. पुढं जायला वाटच न्हाय. मग झक मारत तुला बोलावतील." त्यांनी पानं मांडीवर सारखी केली. "म्हनाला, लई तर वरीस लागंल, दोन वर्सं. दर साली यायचा तेव्हा पयलं इचारायचा, बोलावलं का?"

केसरकाकी हुंदका दाबत होती. म्हातारा दर साल तांदूळ घेऊन गेला, पाय चालेनासे होईपर्यंत गेला, मग वारला. पुस्तक तीन घरांत रोज वाचलं जात होतं. दर संध्याकाळी, न चुकता, भक्तीनं. आणि तीनही घरांत मिळून एकालाही पन्नासहून जास्त वर्षांत असं वाटलं नाही की माझ्या पानाच्या पुढे काय आहे ते भावाकडे जाऊन बघावं. आणि ती रीत, जिच्या नावानं तिच्या लेकीला बाहेर काढायचं चाललं होतं, ती येसाजीची नव्हतीच. एका तरण्या पोरानं रागात टाकलेला तो शब्द होता. पोरगा म्हातारा झाला आणि शब्दाची रीत झाली.

"बाबा, तुम्ही असं म्हणाला होता?" सुजितनं विचारलं.

सुचिताला वाटलं ते नाही म्हणतील. मामंजींचे हात गुडघ्यांवर होते.

"म्हनालो होतो," ते म्हणाले. मग, "तुझ्याकडं जेवायचा तो?"

"जेवायचा."

"काय?"

"तांदळाची भाकर आन सुक्या बोंबलाचं कालवन. हात धुतला की म्हनायचा, शिवाला सांगू नको."

मामंजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांना कुणी रडताना बघितलं नव्हतं, आताही दिसलं नाही, फक्त पाठ हलताना दिसली. साक्षी उठून त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली, पण हात लावायचं धाडस तिला झालं नाही.

"वाच आत्या," कृष्णाजीकाकांनी सांगितलं. आपण सख्ख्या बहिणीला पोरांसारखं आत्या म्हटलं हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

बायजाबाईंनी वाचलं, पान डोळ्यांपासून लांब धरून. खरं तर त्यांना ते पाठच होतं. दुष्काळ पडतो, एक कुटुंब परमुलखात जातं, तिथं पोरांची लग्नं होतात आणि सगळे बाप्ये मरतात. सासू परत निघते. सुनेला म्हणते, तू तुझ्या माहेरी जा. सून जात नाही. परक्या गावात येऊन लोकांच्या कापलेल्या शेतात मागं पडलेला सरवा वेचते. सरवा म्हटल्यावर केसरकाकीनं मान हलवली, लहानपणी तिनंही भाताचा वेचला होता. मग त्या शेताचा धनी तिला बघतो, गड्यांना सांगतो, तिच्यासाठी चार लोंब्या मुद्दाम खाली पडू द्या.

तिथं बायजाबाई थांबल्या. "मुद्दाम," त्या म्हणाल्या, आणि पुढे वाचू लागल्या.

शेवटी तोच धनी त्या परक्या सुनेशी लग्न करतो, तिला मुलगा होतो, त्याला मुलगा, आणि त्या मुलाचा मुलगा दावीद. दावीद म्हणताच कृष्णाजीकाकांनी झडप घालून आपलं गाठोडं जवळ ओढलं. "म्हंजे माझा दावीद हिचा पणतू?" त्यांचा आवाज चिरकला. जन्मभर ज्याच्या लढाया वाचल्या त्याची पणजी कोण हे त्यांना आज कळत होतं. सुजितनं पानांचे आकडे लावून बघितले. फट उरली नव्हती.

"आन माझा येशू," केसरकाकी हळूच म्हणाली.

सुजितनं हात पुढे केला. "आत्या, द्या इकडं. सगळं एकत्र झालं. आता मी अलिबागला बांधून आणतो."

"न्हाय," भिंतीकडून आवाज आला. मामंजी वळले होते. "तिची तिला दे. बांधू नको. बांधून फळीवर ठेवलं की झालं. मग कोन कुनाला बोलावतो?"

त्यांनी चाचपडत स्वतःचं गाठोडं मांडीवर घेतलं. दोरा सोडला. वरून पहिली काही पानं उचलली, बोटांनी जाडी बघितली, आणि सुचिताच्या दिशेनं धरली. "हे काय हाय, बघ गो."

"उत्पत्ती आहे, मामंजी. अगदी पहिली पानं."

"तो बागेत हाका मारत फिरतो, ती?"

"तीच."

"साक्षी कुठं हाय?"

"इथंच आहे आजोबा, तुमच्यासमोर."

त्यांनी हात जरा वर केला आणि पानं तिच्यापुढे धरली. "माणगावला घेऊन जा. नीट ठेव. आता हितं तू आल्याबिगर कुनाला वाचायला सुरुवातच करता यायची न्हाय." मग सुनेला म्हणाले, "फडकं दे तिला एक."

सुचिता आत गेली. फडताळात कपड्यांच्या खाली तिनं एक साडी लपवून ठेवली होती, साक्षीच्या लग्नाला म्हणून घेतलेली, घडी न मोडलेली. ती घेऊन ती बाहेर आली. केसरकाकीनं फडकं फाडायला हात पुढे केला. सुचितानं नको म्हटलं आणि ती थोडीशी पानं आख्ख्या साडीत गुंडाळून लेकीच्या हातात दिली.

"आन गाडी गेल्याचं ऐकलं न्हाय मी. तो पोरगा बाहेर उभा हाय ना अजून?" मामंजींनी विचारलं. "किती येळ उभा करनार त्याला?"

सुचिता पायरीपर्यंत गेली आणि तिनं रत्नपालला नावानं हाक मारली.